जाळी पुसून टाकलेला बिबट्या

दोन वर्षांपूर्वी शिगम्याच्या सुमारास गोव्यात फोंड्याला आम्हां हौशी छायाचित्रकारांचं एक प्रदर्शन भरलं होतं. त्यात माझी चार छायाचित्रं होती, तीन पक्ष्यांची आणि एक बिबट्याचं. लोक थांबत होते ते बिबट्यापाशी. मान किंचित खाली, पुढचा पंजा उचललेला, नजर समोर कुठेतरी रोखलेली आणि मागे हिरवा काळोख. वाळपईकडचे एक वयस्क गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. बराच वेळ छायाचित्र न्याहाळून त्यांनी मला विचारलं, "बाये, हो आमच्या रानातलो?"

मी मान हलवली. तोंडाने काहीच बोलले नाही, पण ती मान होकाराचीच होती आणि त्यांनी ती तशीच घेतली. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पळे, आसात अजून." बघ, आहेत अजून.

तो बिबट्या आमच्या रानातला नव्हता, कुठल्याच रानातला नव्हता. घाटापलीकडच्या एका प्राणिसंग्रहालयात लोखंडी जाळीमागे मी त्याला टिपलं होतं. त्या जागेचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते एका जागेपुरतं नाही. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा त्या आजोबांचा आनंद मला छळत होता. एका माणसाला मी त्याच्याच रानाबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि तेही एक शब्द न बोलता. प्राणिसंग्रहालयात कॅमेरा घेऊन जावं की नाही, नेलाच तर काय टिपावं आणि ते लोकांपुढे कसं मांडावं, या प्रश्नांनी तेव्हापासून मला सोडलेलं नाही.

जाळी पुसायला संगणक लागत नाही. कठड्याबाहेरून जाळीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडायचं, लांब पल्ल्याची लेन्स लावायची आणि प्राणी जाळीपासून दूर, पिंजऱ्याच्या पलीकडच्या टोकाला जाईपर्यंत थांबायचं. मग मधल्या तारा इतक्या धूसर होतात की चित्रात उरतच नाहीत. फार तर एक पातळ धुरकटपणा राहतो, तो नंतर घालवता येतो. जाळीवर ऊन पडत असेल तर तारा चमकतात, म्हणून सावलीतली बाजू शोधायची. काच असेल तर लेन्सच्या तोंडाला रबरी हूड लावून ती काचेला टेकवायची, म्हणजे आपलं प्रतिबिंब येत नाही. शेवटी क्रॉप करताना सिमेंटची कड, पाण्याची टाकी, नावाची पाटी बाहेर घालवायची. हे सगळं मला येतं. मी ते हौसेने शिकले, आणि शाळेत विज्ञान शिकवत असताना छायाचित्रणाची आवड असलेल्या मुलांनाही शिकवलं. "टीचर, पिंजरो दिसनाच!" असं एखादा मुलगा आनंदाने ओरडला की मलाही बरं वाटायचं.

त्या बिबट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती आणि ती मी फार उशिरा स्वतःशी कबूल केली. तो चालत होता. भिंतीपासून टाकीपर्यंत जायचं, टाकीपाशी वळायचं, परत भिंत. वळताना डोकं दर वेळी एकाच पद्धतीने झुकायचं, पंजा एकाच दगडावर पडायचा. त्याच्या पायांखाली गवत उगवायचं थांबलं होतं, मातीत एक घट्ट चकचकीत वाट पडली होती. मी पाच-सहा फेऱ्या पाहिल्या आणि त्या दगडावर आधीच फोकस लावून ठेवला. रानातला बिबट्या पुढच्या क्षणी कुठे असेल हे कुणालाच सांगता येत नाही. हा कुठे असेल ते मला नेमकं माहीत होतं. माझं छायाचित्र इतकं रेखीव आलं ते यामुळे.

या येरझाऱ्यांना प्राणिवर्तनाच्या अभ्यासात स्वतंत्र नाव आहे आणि त्यांच्याकडे बंदिवासातल्या बिघाडाची खूण म्हणून पाहिलं जातं. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडलं की निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर मोठ्या टापूत असतो, त्यांच्यात बंदिवासात या येरझाऱ्या जास्त आढळतात आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त होतात. म्हणजे ज्याचं रान मोठं, त्याला पिंजरा अधिक सोसावा लागतो. माझ्या छायाचित्रात मात्र ती व्यथा 'सावध चाल' झाली होती. प्रदर्शनात एकाने तर "शिकारीवर निघालाय" असंही म्हटलं. तो कुठेच निघाला नव्हता. त्याचं दुखणं मी त्याच्या रुबाबात बदलून टाकलं, आणि याचीच मला सर्वांत जास्त टोचणी आहे.

अर्थात जाळी नजरेआड करण्याची हौस छायाचित्रकारांच्या आधीपासूनची आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये आपलं प्राणिसंग्रहालय उघडलं, तेव्हा त्यांनी गज काढून टाकले आणि त्यांच्या जागी खंदक खणले. प्रेक्षक उभा असतो तिथून खंदक दिसत नाही, दिसतात ते खडक, झाडं आणि त्यांत वावरणारे प्राणी. एकामागे एक असे टप्पे रचलेले असतात, पुढे पाणपक्षी, मागे हरणं, त्यामागे सिंह, जणू सगळे एकाच माळावर आहेत. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी ही रचना उचलली आणि आज आपणही 'मोकळ्या आवारातले प्राणी' म्हणतो ते तिलाच. प्राण्याला त्याने गजांपेक्षा बरी जागा मिळाली हे खरंच आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण खंदक कुठे खणायचा हे ठरवताना माणसाच्या डोळ्याला काय दिसेल याचाही हिशेब होता. म्हणजे प्राणिसंग्रहालय हे मुळातच एक रचलेलं चित्र असतं. आपण कॅमेऱ्याने त्याची चौकट आणखी आवळतो, इतकंच.

माझी एक मैत्रीण आहे, पक्षिनिरीक्षक. ती म्हणते, मग जातेसच कशाला? बंदिवानाचा फोटो काढूच नये. तिकीट काढलंस तिथेच तू त्या पिंजऱ्याची भागीदार झालीस. तिच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, पण तिचं म्हणणं मला पुरतं पटत नाही.

एक तर पिंजऱ्यामागचा प्रत्येक प्राणी कुणी हौसेसाठी पकडून आणलेला नसतो. विहिरीत पडलेला, फासकीत सापडून पाय गमावलेला, आईवेगळा होऊन माणसांत वाढलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही. त्याला कुठेतरी ठेवावं लागतं. आपल्या देशात प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करायला १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, १९९८ चं राष्ट्रीय धोरण आहे, आणि त्या धोरणाने वन्यजीव संवर्धनाला हातभार लावणं हेच प्राणिसंग्रहालयांचं मुख्य काम ठरवलं आहे. याच प्राधिकरणाने २००९ मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांत ठेवू नये असा निर्णय घेतला. ही सगळी व्यवस्था हळूहळू का होईना, प्राण्याच्या बाजूने सरकली आहे. ती सरकली, कारण लोकांनी आत जाऊन पाहिलं, हळहळले, बोलले.

दुसरं, बोंडला. गोव्यातलं हे एक लहानसं अभयारण्य, अवघं आठ चौरस किलोमीटर, आणि त्यातच प्राणिसंग्रहालय. फोंडा आणि आसपासच्या शाळांतल्या कितीतरी मुलांनी पहिला गवा तिथेच पाहिला. गवा हा आपल्या राज्याचा प्राणी. पण पुस्तकातल्या चित्रावरून त्याच्या खांद्याची उंची कळत नाही, त्याच्या श्वासाचा आवाज कळत नाही, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे त्याचे पाय पाहून सातवीतली मुलं कशी गप्प होतात ते कळत नाही. कान्हा किंवा ताडोबाला जाऊन जीपची सफारी करण्याइतके पैसे माझ्या वर्गातल्या फार थोड्या घरांत होते. ज्या मुलीने आईचा जुना मोबाइल मागून आणला आणि सांबराच्या डोळ्याचं छायाचित्र काढलं, तिला मी "हे पाप आहे" असं सांगू शकत नाही. त्या डोळ्यात तिला स्वतःचं छोटं प्रतिबिंब दिसलं होतं आणि ती ते दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरली.

तिसरं कारण इतिहासातलं आहे आणि ते मला फार अस्वस्थ करतं. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतला अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्र्याचा प्रकार १८८३ मध्ये संपला. त्यातलं शेवटचं जनावर अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. जिवंत क्वागाची जी मोजकी छायाचित्रं आज जगात आहेत ती सगळी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एकाच मादीची आहेत. टास्मानियाचा थायलसीन म्हणजे पाठीवर पट्टे असलेला लांडग्यासारखा प्राणी. त्यातला शेवटचा ज्ञात होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ ला मेला. त्याच प्राणिसंग्रहालयातल्या थायलसीनची १९३३ मध्ये घेतलेली चित्रफीत आज कुणीही पाहू शकतं. त्यात तो सिमेंटच्या जमिनीवर फिरतो, जबडा उघडतो, आडवा होतो, आणि पूर्ण वेळ त्याच्या मागे तारेची जाळी दिसते. ती जाळी कुणी झाकली नाही, आणि त्यामुळेच ती चित्रफीत पाहताना घशात काहीतरी अडकतं. तो प्राणी कसा दिसत होता हे त्यातून कळतं आणि आपण त्याचं काय केलं हेही. उद्या जर एखादी प्रजाती फक्त पिंजऱ्यातच उरली, तर तिथे कॅमेरा न नेणं हा त्या प्राण्यावर केलेला उपकार ठरणार नाही.

आणि रानात काढलेला फोटो तेवढा शुद्ध, हेही मी मानत नाही. तांबडी सुर्लाच्या बाजूला फ्रॉगमाउथ पक्षी दिवसा फांदीवर वाळक्या पानासारखा बसून राहतो. दिसू नये म्हणूनच तो तसा बसतो. त्याची जागा एकदा ठाऊक झाली की एकामागून एक गट तिथे आणले जातात आणि तो उडत नाही, कारण न उडणं हाच त्याचा बचाव असतो. आपण म्हणतो, "बघा, किती शांत बसलाय." पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या घरट्यापुढे कॅमेऱ्यांची रांग लागते. नराला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवर त्याचीच हाक वाजवणारे लोक मी पाहिले आहेत. पिल्लांसाठी चोचीत सरडा धरून आलेला पक्षी माणसं हलेपर्यंत फांदीवर ताटकळतो. अशा वेळी सावलीत उभं राहून, फ्लॅश न मारता पिंजऱ्यातल्या बिबट्याचा फोटो घेणाऱ्याने त्या जिवाला दिलेला त्रास कमीच म्हणावा लागेल. वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ मध्येच छायाचित्रण हे अभयारण्यात प्रवेशाची परवानगी देण्याचं एक कारण म्हणून मान्य केलं. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणारा माणूस कायद्याला चालला. पण कॅमेरा घेऊन आलेला माणूस निरुपद्रवी असतोच असं नाही, हे आता आपणच ठरवून वागायला हवं.

मग माझा आक्षेप नेमका कशाला आहे? बटण दाबण्याला नाही. पिंजरा पुसण्याला, आणि पुसल्यावर त्याबद्दल गप्प बसण्याला आहे.

जगातल्या मोठ्या स्पर्धांनी ही रेघ केव्हाच ओढली आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चं पहिलं बक्षीस फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला मिळालं होतं. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला, माद्रिदजवळच्या एका प्राणी-उद्यानातला आहे असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण निर्णय बदलला नाही. छायाचित्र अप्रतिमच होतं, बक्षीस गेलं ते त्यामागच्या दाव्यामुळे. आंतरराष्ट्रीय छायाचित्र संघटनांनी २०१५ पासून एकत्र स्वीकारलेल्या व्याख्येतही वन्यजीव विभागात मोकळा, कोणत्याही बंधनात नसलेला प्राणीच चालतो आणि प्राणिसंग्रहालयातला चालत नाही असं स्वच्छ लिहिलं आहे. आमच्याकडे मी ज्या दोन-तीन गावपातळीवरच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसले, तिथल्या नियमांत ही ओळ नव्हती. मी ती घालायला सुचवलं तेव्हा एकाने विचारलं, "कोणाला कळणार आहे?" त्या प्रश्नाने मला माझी हललेली मान आठवली.

कळत नाही, हेच तर संकट आहे. चित्र माणसाच्या मनात न बोलता मत रुजवतं. चिंपांझींबाबत अमेरिकेत झालेले अभ्यास याची साक्ष देतात. सिनेमा, जाहिरातींत कपडे घातलेले, माणसांच्या घरांत वावरणारे चिंपांझी सतत दिसत राहिल्याने हा प्राणी संकटात आहे हे लोकांच्या लक्षातच येत नव्हतं, असं २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलं गेलं. पुढे २०११ मध्ये दुसऱ्या एका पाहणीत दिसलं की चिंपांझीशेजारी माणूस उभा असलेलं छायाचित्र पाहणाऱ्यांना रानातले चिंपांझी सुखरूप आहेत असं अधिक वाटतं. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने जर एवढा फरक पडतो, तर जाळी काढून टाकलेल्या, अंगावर ओरखडाही नसलेल्या, तुपासारख्या उजेडात उभ्या असलेल्या वाघांच्या हजारो छायाचित्रांनी काय होत असेल? आपल्याला वाटतं, आहेत की भरपूर. वाळपईच्या आजोबांना तेच वाटलं.

गोव्यात तर हा प्रश्न नुसता सौंदर्याचा उरलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीत, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत, एक वाघीण आणि तिची पिल्लं असे चार वाघ विषाने मेलेले सापडले. गोव्यात वाघ आहेत की नुसते येऊन-जाऊन असतात, या वर्षानुवर्षांच्या वादाला त्या चार कलेवरांनी उत्तर दिलं. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचा प्रदेश तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या दिवसांत माझ्या मोबाइलवर दोन्ही बाजूंचे संदेश येत होते. 'आमचा वाघ वाचवा' म्हणणाऱ्यांचे आणि 'आमचं घर वाचवा' म्हणणाऱ्यांचेही. दोन्हींवर वाघाचे फोटो होते आणि त्यांतले कितीतरी पिंजऱ्यातले होते. सरावलेल्या डोळ्याला ते दिसतं. पोट सुटलेलं असतं, मागची हिरवळ एकसारखी कापलेली असते, कोपऱ्यात सिमेंटची रेघ राहून गेलेली असते.

मी स्वतः व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूची आहे. तिथल्या गावांचे हक्क आणि त्यांच्या काजूच्या बागा सांभाळून तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. तरीही, किंबहुना म्हणूनच, आमच्या बाजूच्या संदेशावर पिंजऱ्यातला वाघ पाहून मला अधिक वाईट वाटलं. सत्तरीतल्या शेतकऱ्याला आपण सांगतो की हा तुझ्या रानातला, तुझ्यासोबत राहणारा जीव आहे, आणि दाखवतो कुठल्यातरी परक्या शहरातलं, रोज सकाळी मापून मांस मिळणारं जनावर. ज्याच्या दावणीची गाय वाघाने नेली आहे त्याला खरा वाघ आपल्यापेक्षा नीट माहीत असतो. त्याच्यापुढे हे चित्र ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

आमच्या रानातल्या वाघाचं खरं छायाचित्र कसं असतं ते वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये पाहायला मिळतं. झाडाच्या बुंध्याला बांधलेला तो डबा, समोरून ऊबदार शरीर सरकलं की आपोआप टिपणारा. शेपूट चौकटीबाहेर राहिलेली असते, पार्श्वभूमी राखाडी, डोळे पांढरे पेटलेले, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. देखणं त्यात काहीच नसतं. पण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्या पट्ट्यांवरून तो कोण, गेल्या वर्षी कुठे होता, दांडेलीकडून इकडे आला का, हे अभ्यासकांना सांगता येतं. मला वाटतं, शाळेच्या भिंतीवर लावायचं तर ते छायाचित्र लावावं.

आपल्याकडे प्राण्याची प्रतिमा करण्याची एक जुनी रीत आहे आणि या विषयावर विचार करताना ती मला पुन्हा पुन्हा आठवते. गोव्यातल्या भोम गावात पौषातल्या अमावास्येला मानगें थापणी होते. जवळच कुंभारजुव्याच्या खारट पाण्यात मगरी आहेत. खाजन शेतीचे बांध जपणारे लोक चिखलाची मगर थापतात आणि तिची पूजा करतात. सत्तरी, सांगे, काणकोणच्या गावांत वाघ्रो हा देव आहे. चिखलाची मगर पाहून कुणाचा गैरसमज होत नाही की ही खरी मगर. ती प्रतिमा आहे हे ती स्वतःच सांगते, थापणाऱ्याच्या हाताचे ठसे तिच्या अंगावर दिसतात. खरी मगर पाण्यात आहे, तिच्या वाटेला जायचं नाही, तिला मान द्यायचा, हे त्या पूजेतून पोराबाळांपर्यंत पोचतं. आम्हां छायाचित्रकारांच्या चित्रांवरून मात्र आम्ही आमच्या हाताचे ठसे पुसतो.

माझी मागणी फार मोठी नाही. पिंजऱ्यातला प्राणी टिपला असेल तर त्याच्या छायाचित्राखाली तसं लिहावं, आणि प्राण्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावं. स्पर्धा, प्रदर्शन, वर्तमानपत्र, शाळेचं भित्तिपत्रक, मोबाइलवरचा संदेश, सगळीकडे. गावच्या स्पर्धांनी बंदिवान प्राण्यांचा वेगळा विभाग खुशाल ठेवावा. त्यात जाळीसकट आलेल्या छायाचित्रांना मान मिळू लागला, तर मुलं जाळी पुसण्याऐवजी ती पाहायला शिकतील. पर्यटनाच्या जाहिरातीत रानाचं नाव आणि पिंजऱ्यातला प्राणी एकत्र येऊ नयेत.

प्राणिसंग्रहालयांनाही माझं काही सांगणं आहे. अनेक ठिकाणी कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट असतं. ते घ्यायला माझी हरकत नाही, पण त्या तिकिटामागे दोन ओळी छापाव्यात. एक, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे खाली प्राण्याला छेडणं, खायला घालणं, आवाजाने किंवा इतर कुठल्याही रीतीने त्रास देणं गुन्हा आहे. जाळीवर चाव्या वाजवून "ए, हांगा पळय!" म्हणणारा बाप आणि अंधाऱ्या खोलीत निशाचर प्राण्यावर फ्लॅश मारणारा तरुण या दोघांनाही हे ठाऊक नसतं. रात्री वावरणाऱ्या बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यांत मंद उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून ते डोळे फोटोत चमकतात, आणि म्हणूनच तो झगझगाट त्यांना आपल्यापेक्षा जास्त लागत असणार. दुसरी ओळ अशी असावी: पिंजऱ्याचं, पाण्याच्या टाकीचं, जमिनीचं छायाचित्र जरूर घ्या. एका ठिकाणी मी रिकाम्या, वाळलेल्या टाकीचा फोटो घेत होते तेव्हा मला अडवण्यात आलं. "प्राण्यांचे घ्या, याचा कशाला?" तो कर्मचारी उद्धट नव्हता, घाबरला होता. पण बंदिवान प्राणी तक्रार करू शकत नाही. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तिकीट काढून आत आलेल्या माणसाचे डोळे आणि त्याच्या हातातला कॅमेरा एवढंच असतं. ज्या संस्थेचं काम चांगलं आहे तिला या साक्षीची भीती वाटायचं कारण नाही.

निवृत्त व्हायच्या आधी शेवटची सहल मी बोंडल्यालाच नेली. मुलांना सांगितलं, प्रत्येकाने एकाच प्राण्याचे दोन फोटो काढायचे, एकात कुंपण दिसू द्यायचं नाही आणि एकात ते दिसलंच पाहिजे. पहिला फोटो सगळ्यांचा साधारण सारखाच आला. दुसऱ्यात मात्र प्रत्येकाने वेगळं काही पाहिलं होतं. एकाने गव्याच्या शिंगाची टोकं आणि कुंपणाचा खांब एका रेषेत आणले होते. एका मुलीने प्राणी जवळजवळ वगळून कठड्यावर ओळीने टेकलेले आपल्याच वर्गमित्रांचे हात टिपले होते. खाली तिने वहीत लिहिलं होतं, "तो आमका असो पळयता." तो आम्हांला असा पाहतो.

त्यानंतर मी घरी बिबट्याच्या त्या दिवसाच्या सगळ्या फायली उघडल्या. दोनशेच्या वर छायाचित्रं होती आणि त्यांतलं एकच असं होतं की ज्यात जाळी दिसत होती. ते वाया गेलेलं म्हणून बाजूला टाकलेलं. बिबट्या अचानक जाळीजवळ आला होता आणि ऑटोफोकसने त्याच्याऐवजी तारा पकडल्या होत्या. त्यामुळे तारांवरचा गंज, सांध्यावरचा रंगाचा थर, एका तारेला अडकलेले चार-दोन केस, सगळं स्पष्ट आहे, आणि त्यामागे बिबट्या नुसताच एक पिवळट, ठिपकेदार ढग आहे. पुढच्या प्रदर्शनाला मी तेच देणार आहे. खालच्या पट्टीवर मजकूर लिहून ठेवलाय: बिबट्या, बंदिवासातला, आणि मग त्या ठिकाणाचं नाव, तारीख. वाळपईचे ते आजोबा आले, तर यावेळी त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगणार आहे.